फिफ्थ व्हीलची देखभाल: आधी खरवडा, मग मोजा, ग्रीस सर्वांत शेवटी

फिफ्थ व्हील म्हणजे ट्रकच्या मागच्या भागावरची, ट्रेलर जोडायची जाड लोखंडी प्लेट. तिची देखभाल म्हणजे प्लेटवर ग्रीस थापणे, असा समज फार पक्का आहे. पाच मिनिटांत उरकणारे काम म्हणून जुन्या काळ्या थरावर नवा थर चढवला जातो आणि ट्रेलर जोडला जातो. जोडणी बिघडायला बहुतेक वेळा इथूनच सुरुवात होते. ग्रीस लागतेच, पण ते शेवटी लावायचे असते. त्याआधी प्लेट लोखंड दिसेपर्यंत साफ करणे, किंगपिन म्हणजे ट्रेलरखालची जोडणीची खुंटी आणि तिला धरणारा जबडा मोजणे आणि तडे शोधणे हे खरे काम आहे. म्हणून या लेखात ग्रीसपेक्षा त्याच्या आधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

वंगण नेमके कुठे आणि कशासाठी

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचे वजन, मोठ्या मालवाहू ट्रेलरच्या बाबतीत पंधरा-वीस टनांपर्यंत, फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर बसते. ट्रक वळला की ट्रेलरखालची सपाट प्लेट या प्लेटवर घासत फिरते. मध्ये वंगण नसेल तर ट्रेलर ट्रकला सरळच ढकलत राहतो. त्यामुळे स्टिअरिंग जड लागते, वळणातून बाहेर येताना गाडी झटक्याने सरळ होते आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाके वळूनही ट्रक सरळ घसरू शकतो. कोरड्या प्लेटचा धोका लोखंड झिजण्यापुरता नाही, गाडीवरच्या ताब्याशी त्याचा थेट संबंध आहे.

वंगण लागणाऱ्या जागा चार आहेत आणि प्रत्येकीची गरज वेगळी आहे. वरची प्लेट घट्ट ग्रीस मागते. किंगपिनला धरणारा जबडा आणि त्याच्या आतली रिंग यांना ग्रीसचा पातळ थर पुरतो. जबडा उघडायचा दांडा, स्प्रिंग, कॅम (फिरून जबडा ढकलणारा तुकडा) आणि पिव्हट (सांध्याची खीळ) यांना पातळ तेल लागते. प्लेट ज्या ब्रॅकेटवर पुढेमागे डोलते त्याच्या पिनांना निपल (ग्रीस भरायची लहान तोंडे) असतील तर ग्रीसगनने ग्रीस द्यायचे, रबरी बुश (पिनभोवतीच्या रबरी नळ्या) असतील तर काहीच द्यायचे नाही. या चारही जागी एकाच डब्यातले ग्रीस फासण्याची सवय सोडली तरी अर्धे बिघाड टळतील.

साहित्य

प्लेटसाठी लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स पायाचे, पाण्याने न धुपणारे ईपी (जास्त दाब सोसणारे) ग्रीस घ्या. पाया म्हणजे ग्रीसला घट्टपणा देणारा घटक. घट्टपणा एनएलजीआय २ असावा. एनएलजीआय हे घट्टपणाचे माप आहे, आकडा जितका मोठा तितके ग्रीस घट्ट. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइट असेल तर उत्तम, कारण दाबाखाली ग्रीस पिळून बाजूला गेले तरी हे घन कण धातूवर टिकून राहतात. कॅल्शियम सल्फोनेट पायाचे ग्रीस पाण्यात आणखी चांगले टिकते. मात्र एक पाया सोडून दुसऱ्यावर जायचे असेल तर जुने ग्रीस पूर्ण काढा. लिथियम आणि बेंटोनाइट मातीच्या पायाचे ग्रीस एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन वाहून जाते. पॉलियुरिया पायाच्या ग्रीसचेही बऱ्याचदा तसेच होते.

तेलासाठी साधे इंजिन ऑइल चालते. शिवाय रुंद पात्याची खरवडणी, वायर ब्रश, भरपूर चिंध्या, पाण्यात मिसळणारा डिग्रीझर (ग्रीस सोडवणारे द्रव), टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, किमान एक मीटर लांब सरळ पट्टी, टॉर्क रेंच आणि लाकडी दांडका जवळ ठेवा. सफाईला पेट्रोल वापरू नका. एका ठिणगीने पेट घेते, हे एक. दुसरे म्हणजे पेट्रोल आणि डिझेल रबरी बुशमध्ये मुरले की रबर फुगते आणि मऊ पडते. चिकट थर सैल करायला डिझेलची चिंधी वापरायची असेल तर ती वरच्या प्लेटपुरतीच ठेवा.

सुरक्षितता

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर उभी करा. ट्रेलर सोडण्याआधी त्याचे पाय जमिनीवर टेकवा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, ट्रकचा पार्किंग ब्रेक लावा आणि चावी काढून खिशात ठेवा. हवा आणि विजेच्या जोडण्या सोडल्यावर ट्रक पूर्ण पुढे काढा. ट्रेलर निम्मा वर असताना खाली वाकून काम करायचे नाही.

उघडा जबडा ताणलेल्या स्प्रिंगवर थांबलेला असतो. किंगपिन आत आल्यासारखा थोडा धक्का बसला तरी तो क्षणात बंद होतो. त्यात बोट घालू नका, ग्रीस लावतानाही नाही. जबड्याच्या आतल्या बाजूला ग्रीस लावायचे ते लाकडी पट्टीने किंवा लांब दांड्याच्या ब्रशने.

जुने ग्रीस काढणे

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. रस्त्यावरची धूळ, वाळू आणि झिजलेल्या लोखंडाचा चुरा ग्रीसमध्ये अडकतो. असे ग्रीस व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करते. त्यावर नवे ग्रीस चढवले की ही पेस्ट प्लेटला अधिक घट्ट चिकटून बसते, एवढाच फरक पडतो.

आधी खरवडणीने जाड थर काढून पत्र्याच्या डब्यात गोळा करा. प्लेटवरचे ग्रीसचे चर टोकदार काडीने मोकळे करा. ते भरलेले राहिले तर नवे ग्रीस प्लेटभर पसरत नाही. मग चिंधीने पुसा, डिग्रीझर लावून थोडा वेळ थांबा, ब्रशने घासा आणि पाण्याने धुवा. जबड्याच्या आत, मागच्या बाजूला आणि खालच्या दांड्यांच्या कोपऱ्यात घट्ट झालेला गाळ हमखास सापडतो. लॉक अर्धवट बसण्यामागे हाच गाळ अनेकदा असतो.

प्रेशर वॉशर वापरत असाल तर धार ब्रॅकेटच्या पिना आणि निपलवर जवळून मारू नका. आतले ग्रीस निघून तिथे पाणी शिरते. धुतल्यावर प्लेट पूर्ण सुकू द्या. ओल्या लोखंडावर लावलेले ग्रीस चिकटत नाही आणि त्याखाली गंज धरतो. काढलेले ग्रीस व चिंध्या गटारात किंवा मातीत टाकू नका. वापरलेल्या इंजिन ऑइलची विल्हेवाट जिथे लावता तिथेच हेही द्या.

ट्रेलरच्या खालच्या बाजूलाही हेच करायचे. किंगपिन आणि त्याभोवतीची प्लेट तितकीच मळलेली असते, पण वाकून पाहावी लागते म्हणून ती राहून जाते. स्वच्छ फिफ्थ व्हीलवर वाळू भरलेली ट्रेलरची प्लेट बसली तर सगळी मेहनत पहिल्याच वळणात वाया जाते.

पाहणी: तडे, बोल्ट, सपाटी

स्वच्छ लोखंडावरच तडा दिसतो. टॉर्च तिरकी धरून प्लेटचा घसा, म्हणजे किंगपिन आत शिरतो ती खाच, तिचे कोपरे, खालच्या फासळ्या, ब्रॅकेटच्या खोबणी आणि चॅसीवरच्या अँगलचे वेल्ड पाहा. एखाद्या रेषेतून तांबूस गंज ओघळलेला दिसला तर ती रेष रंगातली नाही, लोखंडातली समजा. तडा गेलेली ओतीव प्लेट किंवा किंगपिन वेल्ड करून पुन्हा वापरू नये. हे भाग बदलायचेच असतात.

बोल्ट हातोडीने वाजवून पाहण्यापेक्षा टॉर्क रेंचने तपासा. टॉर्कचा आकडा बोल्टच्या आकारावर आणि ग्रेडवर ठरतो, म्हणून तो आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या. बोल्टच्या डोक्याभोवती चकचकीत घासलेली कडा किंवा गंजाची पूड दिसली तर तो बोल्ट हललेला आहे. नुसता आवळू नका. काढा, आटे पाहा, आणि ताणलेला वाटला तर नवा घाला.

ट्रेलरच्या प्लेटवर सरळ पट्टी किंगपिनच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना आडवी-उभी लावा आणि खालून उजेड दिसतो का पाहा. प्लेट फुगलेली किंवा खोलगट असेल तर सगळे वजन काही ठिपक्यांवर येते आणि तिथले ग्रीस काही दिवसांत पिळून निघते. एकाच जागी वारंवार चकाकणारे ओरखडे पडत असतील तर ग्रीस बदलून काही होणार नाही, प्लेट सपाट करावी किंवा बदलावी लागेल.

किंगपिन मोजणे

किंगपिन दोन मापांत मिळतात. दोन इंची पिन सर्रास असते, साडेतीन इंची फार जड कामाला. दोन्हीत मोजण्याच्या जागा सारख्याच: ट्रेलरच्या प्लेटला लागून असलेला जाड भाग आणि त्याखालची बारीक मान. जबडा या मानेला धरतो.

दोन इंची नव्या पिनची मान ५०.८ मिमी असते. ती ४९ मिमीवर आली की पिन बदलायची. तिचा जाड भाग नवा असताना ७३ मिमी असतो, त्याची मर्यादा ७१ मिमी. साडेतीन इंची पिनची मान ८९ मिमी, मर्यादा ८६. जाड भाग ११४ मिमी, मर्यादा ११२.

मोजताना व्हर्नियर दोन दिशांनी लावा: एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने, एकदा आडवा. ओढताना जोर पिनच्या मागच्या अंगावर येतो आणि ब्रेक लावताना पुढच्या. त्यामुळे झीज गोल न होता लंबगोल होते. फक्त आडवे माप घेतले तर झिजलेली पिन धडधाकट वाटते. दोन्हींपैकी लहान आकडा धरायचा. शिवाय काटकोन्या लावून पिन प्लेटला काटकोनात आहे का हे पाहा. १ अंशाहून जास्त वाकलेली पिन काढून टाकावी. पिन सरळ करायला तापवणे किंवा ठोकणे धोक्याचे आहे, कारण तापवले की तिचे कडकपण जाते.

जबडा आणि मोकळीक

ही तपासणी ट्रेलर जोडलेला असताना करायची. ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवा, चालकाला ट्रक अगदी हळू पुढे-मागे करायला सांगा आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून टॉर्चने पाहावे. साधारण ३ मिमीएवढी हालचाल डोळ्यांना दिसू लागली किंवा ठक असा आवाज आला, तर काहीतरी झिजले आहे किंवा सुटले आहे. आपल्या मॉडेलची नेमकी मर्यादा पुस्तिकेत असते.

हालचाल दिसली की लगेच जबडा आवळायला धावू नका. हालचाल कुठल्या दोन भागांमध्ये आहे हे आधी ठरवा. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलवर सरकत असेल तर दोष पिन आणि जबड्यात आहे. फिफ्थ व्हील आपल्या ब्रॅकेटमध्ये हलत असेल तर पिना किंवा बुश गेले आहेत. ब्रॅकेट चॅसीवर हलत असेल तर बोल्ट सैल आहेत. आणि चॅसीवरच्या रुळावर पुढे-मागे सरकवता येणारे फिफ्थ व्हील रुळावर हलत असेल तर स्लायडरचे प्लंजर, म्हणजे त्याला जागी अडकवणाऱ्या खिळी, भोकात पूर्ण बसत नाहीत. आवाज चारही ठिकाणी जवळपास एकसारखाच येतो, म्हणून कानावर विसंबू नका.

दोष पिन-जबड्यात निघाला तर आधी पिनचे माप आठवा. पिन झिजलेली असेल तर जबडा आवळणे हा उपाय नाही. झिजलेल्या पिनला घट्ट बसेल असा आवळलेला जबडा उद्या दुसऱ्या ट्रेलरच्या नव्या पिनवर पूर्ण बंदच होणार नाही. दांडा जवळजवळ जागेवर आलेला दिसतो आणि लॉक अर्धवट राहते. पिन मर्यादेत असेल तरच समायोजनाचा स्क्रू फिरवा, थोडा थोडा, आणि तपासणीची दोन इंची पिन घालून जबडा पाच-सहा वेळा उघडबंद करा. दरवेळी तो स्वतःच्या स्प्रिंगने पूर्ण बंद झाला पाहिजे आणि दांडा ताकद न लावता सुटला पाहिजे. स्क्रू शेवटपर्यंत जाऊनही मोकळीक राहत असेल तर जबडा आणि झीज-रिंग बदलायची वेळ आली आहे.

आता ग्रीस

सुरुवात आतून करा. पिव्हट, कॅम, स्प्रिंगची टोके आणि दांड्याच्या सरकत्या जागा यांवर तेलाचे थेंब टाका आणि दांडा अनेकदा ओढून तेल आत जाऊ द्या. इथे घट्ट ग्रीस भरले तर धूळ धरते आणि गारठ्यात मेणासारखे घट्ट होते, मग स्प्रिंगला जबडा पूर्ण ढकलता येत नाही. तापमान शून्याखाली जाते अशा भागात जबड्यालाही एनएलजीआय १ ग्रीस वापरणे बरे.

मग जबड्याच्या आतल्या तोंडाला आणि रिंगला लाकडी पट्टीने ग्रीसचा पातळ थर लावा. किंगपिनच्या मानेला हातमोज्याने सगळीकडून पुसल्यासारखे लावा. एवढेच पुरे.

ब्रॅकेटच्या पिनांना निपल असतील तर लाकडी दांडक्याने प्लेटचे टोक किंचित उचलून धरा आणि मग ग्रीसगन चालवा. प्लेटचे वजन पिनवर बसलेले असताना ग्रीस फक्त सैल बाजूने बाहेर येते, दाबलेल्या बाजूला पोहोचतच नाही. कडेने ताजे ग्रीस दिसू लागेपर्यंत पंप करा. निपल ग्रीस घेत नसेल तर जोर लावू नका, तो खोलून साफ करा किंवा बदला.

शेवटी वरची प्लेट. नालाच्या आकाराचा, प्रत्यक्ष वजन झेलणारा भाग मोठ्या फिफ्थ व्हीलवर अर्ध्या चौरस मीटरहून थोडा कमी असतो. त्यावर १ मिमी थर द्यायला ग्रीसगनच्या ४०० ग्रॅमच्या एका कार्ट्रिजएवढे ग्रीस लागते. त्याहून जास्त लावून काही मिळत नाही. ट्रेलर मागून चढतो आणि त्याची कडा ग्रीस पुढे ढकलत नेते, त्यामुळे मागच्या उतारांवर थर अगदी पातळ ठेवा आणि घशाच्या दोन्ही बाजूंना व पुढच्या भागात पूर्ण द्या. चर भरून घ्या. जास्तीचे ग्रीस पुढे गोळा होऊन चॅसीवर आणि हवेच्या पायपांवर पडते, आणि पुन्हा धूळ धरते.

सरकत्या फिफ्थ व्हीलच्या रुळावर ग्रीस लावू नये, तिथे तेलाचा फवारा पुरतो. प्लंजर आत-बाहेर करून बघा आणि ते प्रत्येक भोकात पूर्ण उतरतात याची खात्री करा.

प्लास्टिक आवरण असलेली प्लेट

काही फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर कमी घर्षणाच्या प्लास्टिकची आवरणे स्क्रूने बसवलेली असतात. त्यांना वरून ग्रीस लागत नाही, पण जबड्याला लागतेच. देखभाल नाही म्हणून विकत घेतलेल्या या प्लेटचा जबडा कोरडा पडलेला अनेकदा दिसतो. आवरणात रुतलेली खडी काढा, जाडी तपासा आणि स्क्रूची डोकी आवरणाच्या पातळीला येण्याआधी ते बदला.

पिकअपच्या मागे जोडायच्या कॅम्पिंग ट्रेलरला किंगपिनवर चढवायची प्लास्टिकची चकती मिळते. हलक्या वापरात ती ग्रीसची जागा घेते. पण चकतीची जाडी किंगपिनच्या उपयोगी लांबीतून वजा होते. पाच-सहा मिमीने पिन वर राहिली तर काही जबडे मानेच्या नेमक्या जागी बसत नाहीत. म्हणून चकती घातल्यावर पहिल्याच वेळी खाली वाकून, जबडा मानेला पूर्ण वेढतो का हे डोळ्यांनी पाहा. बसत नसेल तर चकती काढून ग्रीसच वापरा.

जोडताना

ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे ती उतारावरून चढून वजन टाकत आत जाते. ती वर राहिली तर पिन जबड्याच्या वरून जाते आणि जबडा पिनच्या टोकाखाली बंद होतो. दांडा बसलेला दिसतो, पण ट्रेलर धरलेला नसतो. ती फार खाली असेल तर कडा आदळून नवे ग्रीस खरवडून नेते. एअर सस्पेन्शन असेल तर ट्रक थोडा आत घेऊन थांबा, सस्पेन्शन वर उचलून प्लेटा टेकवा आणि मग पुढचे अंतर मागे जा.

जोडल्यावर या गोष्टी क्रमाने तपासा:

१. ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हळू पुढे ओढून पाहा.
२. खाली उतरा. दोन प्लेटांमध्ये फट नाही ना, ते टॉर्चने बाजूने पाहा.
३. मागून घशात टॉर्च मारा आणि जबडा पिनच्या मानेमागे पूर्ण बंद आहे हे डोळ्यांनी पाहा. ग्रीसच्या गोळ्यामुळे दिसत नसेल तर लांब काठीने पुसून पुन्हा पाहा.
४. दांडा पूर्ण आत आहे आणि सुरक्षा-कडी लागली आहे.

नुसते ओढून पाहणे पुरेसे नाही. वर राहिलेली पिनही कधी कधी एक हलका ओढा सहन करते.

दांडा अडकतो तेव्हा

ट्रेलर सोडताना दांडा सुटत नसेल तर बहुतेक वेळा जबड्यावर ताण असतो, गंज नव्हे. ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक थोडा मागे घ्या, पिनवरचा ओढ कमी होतो आणि दांडा सहज येतो. लोखंडी पाइप घालून ओढल्यास दांडा वाकतो आणि पुढच्या वेळी लॉक पूर्ण बसत नाही. ताण काढूनही अडकत असेल तर गाळ, वाकलेला दांडा किंवा जास्त आवळलेला समायोजन स्क्रू, या क्रमाने शोधा.

किती दिवसांनी

पुस्तिकेतला आकडा अंतिम माना. तो हाताशी नसेल तर साधारण १०,००० किमीला जुने ग्रीस पुसून नवे लावा आणि ५०,००० किमी किंवा सहा महिने, यांतले जे आधी येईल तेव्हा पूर्ण सफाई, मोजमाप आणि मोकळीक तपासणी करा. वाळू-खडीच्या रस्त्यांवर, सततच्या पावसात किंवा बर्फावर मीठ टाकतात अशा भागात हे अंतर निम्म्यावर आणा. रोज अनेकदा ट्रेलर बदलणाऱ्या ट्रकला किलोमीटरपेक्षा जोडण्या जास्त झिजवतात, त्याला महिन्याचा हिशेब लावलेला बरा. स्वयंचलित ग्रीस यंत्रणा बसवलेली असली तरी तिच्या नळ्या तुटतात आणि टाकी रिकामी होते. दर महिन्याला प्लेटवर ताजे ग्रीस येते का ते पाहा.

नवे ग्रीस लावल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर कडेने पिळून आलेले ग्रीस बोटावर घेऊन उजेडात बघा. काळे होणे साहजिक आहे, मॉलिब्डेनम आणि ग्रॅफाइटचे ग्रीस मुळातच काळे असते. पण त्यात चकाकणारे कण किंवा लहान कपच्या दिसल्या, तर दोन लोखंडी भाग एकमेकांना थेट घासत आहेत. तेव्हा आणखी ग्रीस न घालता ट्रेलर सोडा आणि सरळ पट्टी घेऊन प्लेटच्या सपाटीपासून पुन्हा तपासायला लागा.